दहा फेऱ्या वर

तिने ग्रामोफोनची सुई उचलली, अंतऱ्याच्या सुरुवातीला नेऊन पुन्हा टेकवली आणि डोळे मिटून रेकॉर्डवालीच्या बरोबरीने सूर लावला. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीतल्या ‘ये’ या शब्दावर रेकॉर्डवाली सहज वर चढली आणि हिचा आवाज अर्ध्या वाटेतच फाटला. सकाळपासूनची ही सातवी खेप होती.

“तबकडे, अगं त्या बाईला जरा दम तरी घेऊ दे!” खालून मामी ओरडली.

तबकडी हे तिचं कॉलेजातलं नाव. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी वर्गात मागच्या बाकावर बसून जुन्या रेकॉर्डांच्या याद्या करते, हे एकदा उघडकीला आल्यावर दुसरं कुठलं नाव पडणार होतं? ते घरापर्यंत कसं पोचलं कोणास ठाऊक, पण मामीने ते असं उचललं की खरं नाव आता फक्त परीक्षेच्या अर्जावर उरलं होतं.

कॉलेजसाठी ती मामाकडे राहायची. खाली मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि वर तिची खोली. खोलीत एक पलंग, एक टेबल, तीन जर्नलं, त्यांतली दोन अपुरी, आणि चावीचा ग्रामोफोन. ग्रामोफोन मामीच्या वडिलांचा. कित्येक वर्षं माळ्यावर मुका पडलेला होता. चार महिन्यांपूर्वी मामाने तो उघडला, तुटलेली स्प्रिंग बदलली आणि भाचीपुढे आणून ठेवला. त्या दिवशी तिने मामाला एवढी घट्ट मिठी मारली की त्याच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर तिलाच टोचला.

रेकॉर्डा तिने एका बंद पडलेल्या क्लबच्या अडगळीतून आणल्या होत्या. एकोणीस निघाल्या, त्यांतल्या अकरा वाजत होत्या आणि एक तिच्या जिवाला लागली. त्या रेकॉर्डवरचा कागद इतका झिजला होता की गायिकेचं नाव वाचता येत नव्हतं. म्हणून ती रेकॉर्डवाली. आवाज पातळ, चपळ, किंचित खट्याळ. तबकडीने मनाशी ठरवून टाकलं होतं की ही आपल्याच वयाची असणार, फार तर एकोणीस वर्षांची, आणि गाताना हिचं एका जागी लक्ष नसणार.

शनिवारी अकरा वाजता कॉलेजच्या गायनवृंदाची निवड होती. गेल्या वर्षीही झाली होती. तेव्हा रांगेत चौथा नंबर असताना तिच्या पोटात गोळा आला आणि ती ‘पोटात दुखतंय’ असं सांगून घरी पळाली. ते तसं खोटंही नव्हतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पामुळे वृंदात घेत नसत. म्हणजे हा शनिवार गेला की संपलंच. आयुष्यभर न्हाणीघरात गायचं.

आणि ‘ये’ काही येत नव्हता. कुणा एकोणीस वर्षांच्या मुलीला कधीतरी जमलेला सूर एकोणीस वर्षांच्या आपल्याला जमत नाही, याचा अर्थ एकच निघत होता. आपल्याला गळाच नाही. नुसती हौस आहे.

गुरुवारी पियानोवाल्या सरांबरोबर सराव होता. सर निवृत्त झालेले, पण निवडीच्या आठवड्यात साथीला यायचे आणि प्रत्येकाला एकदा तालीम द्यायचे. तिने गाण्याचा मुखडा गुणगुणून दाखवला तसे त्यांचे डोळेच चमकले.

“हे? हे गाणं आताच्या पोरांना माहीत आहे?”

त्यांनी सुरावट वाजवली. सुंदरच वाजवली. पण ती गायला लागली नाही.

“सर, हे खाली आहे.”

“काय खाली आहे?”

“पट्टी. रेकॉर्डवर एक पूर्ण सूर वर आहे.”

सरांनी चष्मा काढला. “पोरी, हे गाणं आमच्या घरी रोज वाजायचं. मी शाळेत जायला लागायच्या आधीपासून. हीच पट्टी.”

“माझ्याकडे रेकॉर्ड आहे, सर.”

“माझ्याकडेही आहे.”

दोघंही सारखीच हट्टी निघाली. तिने वरच्या पट्टीत गाऊन दाखवलं, ‘ये’वर आवाज फाटला आणि तिने मान खाली घातली. सर मात्र तिच्याकडे बघतच नव्हते. ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

“तुझ्या यंत्रावर गाणं किती वेळ चालतं?”

“मोजलं नाही कधी.”

“माझ्या घरी तीन मिनिटं दहा सेकंद. आमची आई त्यावर अंडी उकडायची. सुई टेकवली की अंडी पाण्यात, गाणं संपलं की बाहेर. कधी चुकलं नाही. घरी जाऊन मोज.”

मामाच्या घरातल्या घड्याळांवर मोजण्यात अर्थ नव्हता. ती सगळी पाच ते आठ मिनिटं पुढे असायची आणि तिथून आणखी पुढेच सरकायची. म्हणून प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच त्या संध्याकाळी तिच्या एप्रनच्या खिशात राहून घरी आलं. खरं सांगायचं तर आलं नाही, तिने आणलं. प्रयोगातल्या जोडीदारणीने दाराशी पहारा दिला आणि मोबदल्यात तबकडीचं एकुलतं एक पुरं जर्नल उतरवायला घेतलं.

दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. तिने पुन्हा चावी दिली, पुन्हा मोजलं. तेवढेच. तिसऱ्या वेळीही तेवढेच आले तेव्हा ती स्टॉपवॉच हातात धरून धडाधड जिना उतरली.

मामा डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळावर वाकला होता.

“मामा, ग्रामोफोनचा वेग तू कसा लावलास?”

“कसा म्हणजे? मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या. थाळीवर खडूने खूण केली आणि मोजल्या.”

“बरोबर अठ्ठ्याहत्तर?”

मामाने भिंग काढलं. “अठ्ठ्याहत्तर, आणि वर दहा.”

“दहा कशाला?”

“अगं, जुनं यंत्र आहे. आज ना उद्या मागे पडणारच. म्हणून आधीच जरा पुढे ठेवायचं. मी सगळ्यांनाच ठेवतो.” त्याच्या आवाजात रास्त अभिमान होता. “बत्तीस वर्षं झाली दुकानाला. माझ्याकडचं घड्याळ मागे पडलं म्हणून एक माणूस परत आलेला नाही.”

“पुढे पळतं म्हणून?”

“पुढे पळालं तर कोण तक्रार करतंय? माणसं वेळेवर पोचतात.”

हसावं की रडावं ते तिला कळेना. “मामा, मी चार महिने त्या बाईच्या मागे धावतेय! गळा सोलून निघाला माझा. ती गातच नव्हती तिथे. थाळी वेगाने फिरली की सूरही चढतो. तू तिला पळवलंस!”

मामाचा चेहरा असा उतरला की तिला लगेच वाईट वाटलं. तो उठला. छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन वर आला, झाकण काढलं आणि खडूची खूण करून फेऱ्या मोजू लागला. स्टॉपवॉच मामीच्या हातात होतं आणि ती ते दोन्ही हातांनी धरून श्वास रोखून उभी होती. चार वेळा मोजून झाल्यावर मामा म्हणाला, “अठ्ठ्याहत्तर. वर काही नाही.”

मग रेकॉर्ड लागली.

आवाज जड होता. उबदार होता. खट्याळ बिलकूल नव्हता. चाळिशीची एक बाई दिवसाचं काम आटोपून खुर्चीत बसली होती आणि तिला कुठेही जायचं नव्हतं. शब्दाशब्दांत तिने श्वास घेतलेला आता ऐकू येत होता. ‘ये’वरसुद्धा ती चढली बिढली नाही, नुसती किंचित मान उचलल्यासारखी वर गेली.

“ही बाई वेगळीच आहे,” मामी हळूच म्हणाली.

तबकडी बरोबरीने गायला लागली. ‘ये’ आला आणि गेला, इतका विनासायास की पुढची ओळ निम्मी झाल्यावर तिच्या ते लक्षात आलं. तिचा जीव भांड्यात पडला. आणि त्याच वेळी थोडं सुनं सुनंही वाटलं. आपल्या वयाची एक मैत्रीण होती, ती कधी नव्हतीच.

मामाने हे सगळं मनाला फारच लावून घेतलं. शुक्रवारी भल्या सकाळी उठून त्याने घरातली सातही घड्याळं बरोबर वेळेवर आणली आणि कुणालाच सांगितलं नाही. स्वयंपाकघरातल्या घड्याळात ‘पाच मिनिटं आहेत अजून’ असं मनाशी म्हणत चहा पिणाऱ्या तबकडीची बस चुकली. मामी दंतवैद्याकडे उशिरा पोचली आणि तिचा नंबर गेला. संध्याकाळी मामीने मामाला जे ऐकवलं ते तीन दुकानांपलीकडे ऐकू गेलं. मामाने मुकाट्याने सगळी घड्याळं पुन्हा पुढे केली. ग्रामोफोनला तेवढा हात लावला नाही.

शनिवारी रांगेत तिचा नंबर नववा होता. आत संगीताच्या मॅडम टेबलाशी वही घेऊन बसल्या होत्या. दोन ओळी झाल्या की त्या ‘पुरे’ म्हणायच्या आणि पुढच्याला बोलावायच्या. आठ जणांना त्यांनी ‘पुरे’ म्हटलं. या वेळी ती रांगेतून हलली नाही. ‘ये’ जमतोय, ‘ये’ जमतोय, असं ती स्वतःला बजावत होती.

पियानोवाल्या सरांनी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले आणि मूळ पट्टीत सुरावट वाजवली. तिने तोंड उघडलं.

आणि पहिला सूर लागला तो वरच्या पट्टीत.

चार महिन्यांची सवय होती. दोन दिवसांत ती जाणार कशी? गळा आपला आपण नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला होता. अर्धी ओळ होईपर्यंत पियानो आणि ती अशी दोघं दोन वाटांनी चालली होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. थांबून पुन्हा सुरुवात करू का, असं विचारायला तिने सरांकडे पाहिलं, तर सरांचे दोन्ही हात उचलले गेले होते. ते एक सूर वर सरकून पुन्हा पट्ट्यांवर टेकले. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तिच्या मागून निघाले होते.

आता मागे फिरायची सोय नव्हती. मुखडा झाला. मॅडम ‘पुरे’ म्हणतील तर बरं, असं तिला मनापासून वाटलं. मॅडम बोलल्या नाहीत. अंतऱ्याची पहिली ओळ सुरू झाली. पुढच्या ओळीत ‘ये’ उभा होता, तोच, फाटणारा.

तेवढ्यात तिच्या मनात एक साधा विचार आला आणि तिला गाता गाताच हसू फुटलं. हा सूर रेकॉर्डवालीने कधी लावलाच नव्हता. त्या बिचारीला इथे यायचं कधी सुचलंही नसेल. इथपर्यंत फक्त मामाचा स्क्रूड्रायव्हर आला होता. म्हणजे आपण कुणापेक्षा कमी पडणार? इथे दुसरं कुणी नव्हतंच.

ती वर गेली. सूर लागला. थोडा पातळ, कडेला किंचित थरथरता, पण अख्खा. ती त्यावर हवी तेवढी थांबली, कारण आता किती थांबायचं हेही तिचं तीच ठरवणार होती. मग सावकाश खाली उतरून तिने ओळ पुरी केली, दुसरा अंतरा म्हटला आणि गाणं संपवलं. तिला इतका आनंद झाला होता की हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

“हे गाणं मी या पट्टीत कधी ऐकलं नव्हतं. सोमवारपासून साडेचारला तालमीला यायचं. उशीर चालणार नाही.”

“हो, मॅडम.”

“आणि ती वरची जागा चांगली घोटून घेतली आहे. कुणाकडे शिकतेस?”

तिने क्षणभर विचार केला. खोटं सांगावंसं वाटेना.

“मामाकडे.”

“अरे वा. मामा गातात?”

“नाही, मॅडम. घड्याळं दुरुस्त करतात.”

मॅडमनी पेन्सिल पुन्हा उचलली आणि वहीत काय लिहावं याचा विचार करत त्या तशाच बसून राहिल्या. पियानोमागे सर खाली वाकून पायाशी काहीतरी शोधायला लागले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.