एक खाच सोडून

मी संगणकातला एक जुना मदरबोर्ड आहे. अलेक्झांड्रियातल्या उस्ताद वगदीच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला. मित्रांनो, मी मुळीच बिघडलेला नाही. पण हे मला कुणाला सांगता येत नाही, म्हणून माझा नुसता जळफळाट होतो.

मला एक जुळा भाऊ आहे. कारखाना एक, रंगरूप एक, नावात फक्त एका अक्षराचा फरक. दोघांनाही रॅमच्या पट्ट्यांसाठी चार खाचा. भावाला दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या की त्याची माहिती दोन्ही वाटांनी धावते. मला मात्र मध्ये एक खाच सोडून लावाव्या लागतात. नाहीतर माझी एक वाट बंद राहते आणि मी रखडतो. माझ्या पुस्तिकेत हे चित्रासकट दिले होते. पण वगदी म्हणायचा, “पुस्तिका शिकाऊ लोकांना! मी वीस वर्षं हेच करतोय.” भावाला लावायचा तशाच पट्ट्या त्याने मलाही लावल्या.

मला माहिताबने नेले. ती वास्तुरचना शिकत होती. परीक्षकांना तिला आपली इमारत पडद्यावर फिरवून दाखवायची होती. चित्रांसाठी वेगळे कार्ड नव्हते, तोही भार रॅमवरच होता. मी अडखळतो म्हणून तिने मला तीनदा वगदीकडे आणले. त्याने विंडोज नव्याने टाकली, पंखा बदलला. पट्ट्यासुद्धा काढून पुसल्या आणि पुन्हा तिथेच बसवल्या! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

परीक्षेत इमारतीच्या जिन्यावर चित्र अडकले. एक पायरी, मग थांबा. दुसरी पायरी, पुन्हा थांबा.

“काय गं, तुझ्या इमारतीला दमा आहे का?” परीक्षकांनी विचारले. सगळा वर्ग हसला. तिला सप्टेंबरात पुन्हा बसायला सांगितले.

ती तडक दुकानात आली. “उस्ताद, हा बोर्ड बदला, नाहीतर मी इथून हलत नाही!”

वगदीने मला काढून भावाला बसवले. त्याच पट्ट्या, शेजारी-शेजारी. इमारत भराभर फिरली.

“बघ पोरी, बोर्डच फुसका निघाला. एखादा निघतो असा.”

माहिताब रोज मऊ ब्रशने माझी धूळ झाडायची. त्या दिवशी तिने मला टेबलावर आपटले. “या दगडापायी चारचौघांत माझं हसं झालं!”

मित्रांनो, मला तिचा राग नाही आला. वगदीचा येतो, अजून येतो. तुमच्या वर्गात कुणी मागे पडले, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी त्याला कुठे बसवले आहे तेवढे बघा. माझी एकच पट्टी बोटभर सरकवायची होती.