धरणाच्या फटी

तिने बाह्या कोपरापर्यंत सारल्या, घोटाभर पाण्यात हात घातला आणि तळच्या वाळूवरून एक अंडं उचललं. थंडगार होतं. दुसरं तसंच, तिसरं तसंच. डोक्यावर सुरय पक्ष्यांनी आकांत मांडला होता. एक पक्षीण तर पुन्हा पुन्हा तिच्या केसांना चोच मारून जात होती, पण ती तिला हाकलतही नव्हती. मारू दे, तिचा हक्कच आहे, असं तिला वाटत होतं.

परवा ती मुख्य कार्यालयाच्या बैठकीला गेली तेव्हा हे बेट खडखडीत कोरडं होतं आणि वाळूतल्या खळग्याखळग्यात पक्षी अंडी उबवत बसले होते. आज बेटच नव्हतं. ना पाऊस, ना पूर. आणि पाणी काही हौसेने चढत नाही, कुणीतरी ते चढवावं लागतं. तो कुणीतरी कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तलावाची राखण तिच्याकडे होती, म्हणून गावात तिला सगळे तलावबाई म्हणत. तलाव छोटा, धरणही छोटंच. एक दगडी भिंत, तिच्या मधोमध एक खाच आणि खाचेत एकावर एक रचलेल्या आडव्या लाकडी फळ्या. इथलं पाणी शेताला जायचं नाही, नळालाही नाही. मासे आणि पक्षी यांच्यासाठीच तलाव राखलेला होता. पण या दोघांचं एकमेकांशी पटेल तर शपथ! एक फळी काढली की काठच्या गवतातली माशांची अंडी उन्हात उघडी पडायची, आणि पाणी सगळ्यात वरच्या फळीला टेकलं की बेटावरची पक्ष्यांची बुडायची. त्यामुळे पाणी वरच्या फळीच्या वीतभर खाली ठेवण्यात तिचं अर्धं आयुष्य चाललं होतं.

भिंतीवरून तिने वाकून पाहिलं. फळ्या नेहमीएवढ्याच होत्या, पाणी मात्र वरच्या फळीच्या कडेला आलेलं. म्हणजे जास्तीची फळी घातली, काम झाल्यावर काढून घेतली, वर साळसूदपणाचा आव! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सापडतील तेवढी अंडी तिने रुमालात बांधली आणि तडक बोट क्लब गाठला.

क्लबच्या अंगणात होड्या उपड्या घालून रंगवणं चाललं होतं. रविवारी शर्यत होती. क्लबचे सेक्रेटरी चहाचा कप हातात घेऊन रंगाऱ्यांना सूचना देत होते. तिने रुमाल त्यांच्या टेबलावर सोडला.

"झाली हौस? तरंगतील ना आता तुमच्या होड्या?"

"बाई, बसा तरी. झालं काय?"

"बसायला जागा ठेवलीत कुठे? जे बसले होते त्यांनाही उठवलंत."

सेक्रेटरींनी कप खाली ठेवला. अंड्यांकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण ती चेहरे वाचायच्या मनःस्थितीत नव्हती.

"आठवड्याभरात पिल्लं बाहेर आली असती," ती रंगाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एकूण एक गेलं. एक अंडं वाचलं नाही, एक! तुमच्या वल्ह्यांना चिखल लागू नये म्हणून!"

"आम्ही फळ्यांना हात लावलेला नाही."

"चोराच्या उलट्या बोंबा! महिनाभर कोण मागे लागलं होतं माझ्या? वीतभर पाणी वाढवा, वीतभर पाणी वाढवा!"

"मागितलं होतं. नाही म्हणायचं नाही मला. पण मागणं वेगळं आणि चोरणं वेगळं, बाई."

"तो फरक तुम्ही मला शिकवू नका. मी दोन दिवस गेले काय आणि तुम्ही डाव साधलात काय! थोडी तरी लाज बाळगा."

ब्रश हवेत धरून माणसं बघत राहिली. सेक्रेटरी काही बोलणार होते, पण त्यांचं ऐकायला ती तिथे थांबलीच नाही.

पुरावा हवा होता. ओढून-काढून नेलेल्या फळीने कुठेतरी ओरखडा ठेवलाच असेल, या हिशेबाने ती धरणाच्या खालच्या अंगाला उतरली. एरवी या दगडांवर जपून पाय टाकावा लागे, इतकं शेवाळ असायचं. आज शेवाळ वाळून करकरत होतं. समोर फळ्यांची भिंत उभी होती आणि तिच्यातून थेंबसुद्धा गळत नव्हता.

दोन फळ्यांमधल्या प्रत्येक फटीवर एक पातळ लाकडी पट्टी बसवलेली होती. आत डांबरात भिजवलेले दोराचे धागे ठासून भरलेले, पट्टीच्या कडा रंधून गोल केलेल्या. कुणी घरच्या कपाटालाही इतकं निगुतीने काम करत नाही. तिने एका स्क्रूवर बोट ठेवलं, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. सगळ्या स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा एका रेषेत उभ्या होत्या.

तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीचे स्क्रू असेच होते. दाराच्या बिजागऱ्यांचे, आरशाचे, पाटाचेसुद्धा. "स्क्रू घट्ट बसला म्हणजे काम झालं असं नाही, सूनबाई. खाच उभी पाहिजे. आडव्या खाचेत धूळ बसते." जन्मभर सुतारकी केलेले तिचे सासरे हे इतक्यांदा सांगत, की घरात कुणी ऐकूनही घेत नसे.

धरणाच्या या फळ्याही त्यांच्याच हातच्या. आणि ती जेवताना त्यांना चिडवायची, "मामंजी, धरण कसलं, चाळणी केलीत तुम्ही!" नवरा हसायचा, सासरेही हसायचे. ओढ्यातून येतं तेवढंच पाणी त्या फटींतून गळून जातं, म्हणून तर तलाव जिथल्या तिथे राहतो, हे मात्र ती घरी कधी बोलली नव्हती. थट्टेत कुणी हिशेब सांगत बसतं का?

"एका शब्दाने विचारायचं तरी!" ती फळ्यांवर ओरडली. राग गेला नव्हता. उलट जायला जागा न उरल्यामुळे तो आणखीच पेटला होता. त्यांच्यावर, आपल्या जिभेवर, त्या नेटक्या पट्ट्यांवर, सगळ्यांवर. एक पट्टी उपटायला तिने नखं घातली, तर नखच तुटलं.

वर सुरय अजून घिरट्या घालत होते. वाळू लवकर उघडी पडली तर ते पुन्हा अंडी घालतात. उशीर झाला, तर या वर्षी नाही.

परतताना ती क्लबच्या फाटकाशी थांबली. सेक्रेटरी एकटेच बाहेर आले.

"माझी चूक झाली. तुमचं काम नव्हतं ते," ती हळूच म्हणाली.

"मग कुणाचं होतं?"

"ते विचारू नका."

"छान! शिव्या चारचौघांत आणि माफी फाटकाआड?"

त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. ती आत गेली, अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तेच वाक्य खणखणीत आवाजात पुन्हा म्हणाली. रंगाऱ्यांनी माना खाली घातल्या. सेक्रेटरी 'असू दे' म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त टेबलावरचा रुमाल नीट बांधून तिच्या हातात दिला.

घरी परसात सासरे रंधा चालवत होते. तिला पाहताच ते उठले.

"आलीस? ऐकलं मी, क्लबवाल्यांशी भांडलीस म्हणे. कुणी पाणी चढवलं, अंडी बुडवली? सापडला का तो?"

"सापडला."

"मग गप्प काय? चांगली अद्दल घडव! मुक्या जिवांवर उठतात मेले. असल्या माणसाला धरणावर पाऊल ठेवू देता कामा नये."

तिने माठातलं पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायली.

"मामंजी, पेचकस घ्या आणि पटाशी घ्या. धरणावर जायचंय."

"आत्ता? कशाला?"

"पट्ट्या काढायच्यात. त्या फटींतून पाणी गळायचं ना, म्हणूनच बेट कोरडं राहायचं."

सासऱ्यांनी हातातला रंधा पात्याला धक्का लागू नये तसा आडवा ठेवला. मग पेचकस शोधू लागले. तो समोरच खिळ्याला टांगलेला होता. दोनदा त्यांची नजर त्याच्यावरून गेली.

"तू आलीस की दाखवणार होतो," ते पाठमोरेच म्हणाले. "म्हटलं, आता चाळणी म्हणून दाखव."

तिने पेचकस काढून त्यांच्या हातात दिला. तो धरून ते तसेच उभे राहिले.

"किती गेली गं, बाळ?"

तिने रुमालाची मूठ पाठीमागे नेली.

"थोडीच, मामंजी," ती म्हणाली. "चला, अजून ऊन आहे."