खांबांवर उभी असलेली मी

मित्रांनो, बडोद्यात नवा पाहुणा आला की त्याला राजवाडा दाखवतात, मांडवी दाखवतात, लहरीपुऱ्यात खरेदीला नेतात. मला दाखवायला कुणी आणत नाही. मी एक जुनी ऑफिसची इमारत आहे. मला घुमट नाही, कमान नाही, नक्षी तर नावालाही नाही. सरळ रेषा, सपाट गच्ची, लांबच लांब खिडक्या आणि पश्चिमेचे ऊन अडवायला सिमेंटच्या उभ्या पट्ट्या. एवढाच माझा साजशृंगार, आणि मला त्याचा अभिमान आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी एका रंगाच्या कंपनीसाठी मला बांधले. माझा आराखडा लक्ष्मीकांत नावाच्या तरुण वास्तुकाराने काढला. विश्वामित्री नदी जवळच वाहते आणि पावसाळ्यात ती कधी पात्र सोडेल याचा नेम नाही, हे ओळखून त्याने मला खांबांवर उभे केले आणि तळमजला मोकळा ठेवला. तेव्हा लोक हसले. "ही तर धोतर वर खोचून उभी आहे," असे म्हणाले. पण पूर आला, की पाणी माझ्या खालून मुकाट्याने निघून जाई आणि वर कामकाज सुरू राही.

त्या मोकळ्या जागेत सायकली लागत, दुपारी डबे उघडत. हिशेबखात्याचे दिनकरराव पोहे आणत आणि शेजारच्या टेबलावरचे गुजराती सहकारी खाखरा पुढे करत. नवरात्रात तिथेच गरबा होई. मला वाटायचे, हे असेच चालणार.

मग कंपनीला जागा अपुरी पडू लागली. कुणीतरी सुचवले, की खालची जागा फुकट जाते आहे, भिंती घालून खोल्या काढा. कुणीच विरोध केला नाही. उलट नव्या खोल्यांत पेढे वाटले. पुढच्या पुरात पाणी त्या भिंतींत शिरले आणि अडकून बसले. ओल वर चढली, प्लास्टर सुटले, कुबट वास जाईना. नाव मात्र माझे खराब झाले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय? कंपनी शहराबाहेर वाघोडियाला निघून गेली. जाताना पंखे उतरवले, पाट्या उतरवल्या, आणि कुणी वळून पाहिले नाही.

त्यानंतरची वर्षे फार एकटी गेली. इमारतीला माणसांच्या आवाजाची सवय लागते, मित्रांनो. ती सुटत नाही. कबुतरे होती, पण त्यांच्याशी काय बोलणार?

यंदा कंपनीच्या जुन्या मालकांचा नातू दिग्विजय याने मला पाडायचे ठरवले. यंत्रे आत आणायला वाट हवी म्हणून कंत्राटदाराने आधी तळमजल्याच्या भिंती फोडल्या. खालून वारा गेला आणि मला पुन्हा श्वास घेतल्यासारखे वाटले. मरायच्या वेळी हे सुख मिळाले, याचे मला रडू आले.

तेवढ्यात नदीला पूर आला. काम थांबले. शेजारच्या सोसायटीतली बैठी घरे पाण्यात गेली आणि तिथली माणसे माझ्या जिन्याने वर आली. निवृत्त शिक्षिका विमलमावशी सर्वांत पुढे होत्या. हिशेबखात्याच्या खोलीत स्टोव्ह पेटला, खिचडी शिजली, लहानगी ओवी खिडकीशी झोपी गेली. खालून पाणी वाहत होते. कुठे अडत नव्हते. मी सगळ्यांना कोरडे ठेवले.

पाणी ओसरले तशी माणसे आपापल्या घरांकडे धावली. चिखल उपसायचा होता, त्यांचा काय दोष? मी पुन्हा रिकामी झाले. फक्त विमलमावशी थांबल्या. पदर खोचून त्यांनी खोली झाडली आणि फरशी पुसायला घेतली. तेवढ्यात दिग्विजय पाहणीला आला.

"राहू द्या ने मावशी," तो गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला. "पाडायचीच आहे ही."

"पाडशील तेव्हा पाड. आम्ही इथे राहिलो, जेवलो. उष्टी जागा टाकून कशी जाऊ?"

दिग्विजय दारातच थांबला. फरशी ओली होती म्हणून त्याने बूट काढले. मग खिडकीशी जाऊन तो खाली पाहत राहिला.

"पाणी वर नाही आलं?"

"नाही रे. खालच्या खालीच गेलं."

मग त्याने फोन लावला आणि कंत्राटदाराला यंत्रे परत न्यायला सांगितले. निघताना दाराची चावी त्याने मावशींच्या हातात दिली.

"तुमच्याकडेच असू द्या. पुढच्या पावसाळ्यात मला शोधत बसू नका."

मित्रांनो, मी वाचले. पण अजून रिकामीच आहे. मावशी अधूनमधून येतात, खिडक्या उघडतात, थोडा वेळ बसतात आणि घरी जातात. तुमच्याही गावात अशी एखादी साधी, बिननक्षीची इमारत असेल. तिच्यात काही बदलण्याआधी ती तशी का बांधली, हे एकदा विचारा. आणि संकट नसतानाही तिच्याकडे जात जा. दार आतून उघडणे आम्हाला जमत नाही.