चार ते सहाचा पहारा

सप्ताहाचे सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही, हा माण तालुक्यातल्या एका गावाचा एकसष्ट वर्षांचा नेम. दर दोन तासांनी पहारा बदलतो. पुढचा येतो, आधीच्याच्या पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. अर्जुनाआबांचे गुडघे कधीच गेलेले, तरी त्यांचा दोन ते चारचा पहारा काढून घ्यायला कुणी धजत नव्हतं.

यंदा चार ते सहाच्या पुढं फळ्यावर खडूनं नाव होतं: मानसिंगसाहेब.

हेच मानसिंग विशीत आबांच्या जोडीनं अनवाणी पहाऱ्याला उभे राहायचे. मग साहेब झाले. कारखाना आला, दोन कॉलेजं आली, सांगलीला विश्रामबागेत बंगला, वर मंत्रिपद. तेव्हापासून सप्ताहात यायचे ते दहा मिनिटं. रंगात आलेलं कीर्तन थांबायचं, सत्कार व्हायचा, वीणा गळ्यात घालून फोटो झाला की निघाले. आबांच्या काळजाला ते लागायचं. पण परवा साहेबांचा स्वतःचा फोन आला.

"अर्जुना, माझं नाव लिव. पुरं दोन तास उभा ऱ्हातो. फोटोवाला आणत न्हाई. आतनं लय रिकामं वाटतंय गड्या."

दोन दिवस आबा एकटेच हसत होते.

चार वाजले. शेजारचा यशराज हातपाय धुऊन, बुक्का लावून पुढं आला. "आणा आबा. सायेब येस्तवर मी धरतो."

"फळ्यावर नाव कुणाचं हाय?"

"आवं, पाय थरथरत्यात तुमचं!"

"थरथरू देत. आज त्यो येणार हाय."

पाऊण तासानं फोन वाजायला लागले. आधी एकाचा, मग सगळ्यांचेच. साहेब गेले. दुपारी इकडं यायला बंगल्याच्या पायऱ्या उतरताना कोसळले, ते उठलेच नाहीत. अनवाणी का निघाले होते, ते घरात कुणाला उमगेना.

मांडवात एकच आकांत उठला. जीपा, मोटारसायकली भरून गाव सांगलीला निघालं. टाळकरी गेले, आचारी गेले, यशराज तर पहिल्याच गाडीत. बायका साहेबांच्या गावातल्या घराकडं धावल्या. "आरं, वीणा घ्या कुणीतरी!" आबांचा आवाज इंजिनांत विरला. गळ्यात वीणा असती तर यशराज जागचा हलला नसता. आबांना ते आत्ता कळत होतं.

सहाला टेम्पो आला, तो मांडववाल्याचा.

"आबा, मांडव सोडायचाय. अंत्यविधीला कमी पडतोय, वरनं निरोप हाय."

"सोड बाबा. आधी ही वीणा धर जरा."

तो दोन पावलं मागं सरला. "दुपारीच मटण खाल्लंय, आबा. कशी धरू?"

कनाती गेल्या, सतरंज्या गेल्या. मधल्या खांबाला पाठ टेकून आबा तोंडानं नाम घेत राहिले.

"आबा, त्यो खांब बी काढायचाय."

आबांनी खांब सोडला. कशीबशी दोन पावलं टाकली. आधी गुडघे टेकले, मग वीणेचा भोपळा. तारा थोडा वेळ झणझणल्या आणि गप्प झाल्या.

मांडववाल्यानं तोंड फिरवलं. "आमी काय बी बघितलं न्हाई, आबा."

आबा उघड्या आभाळाकडं बघत होते.

"बघायला ऱ्हायलंय तरी कोण रं."