करड्या रंगाचं पीस

फोटो भिंतीवर पडला आणि हॅटमधून एक काडी बाहेर आली.

कवळीवाल्याने प्रोजेक्टरच्या भिंगाची कडी मागे फिरवली. चित्र धूसर झालं, काडी विरून गेली. त्याने कडी पुढे घेतली तशी काडी परत आली, आणि या खेपेला टोकावरच्या गोळ्यासकट आली. घरी कपाटाच्या काचेत अडकवलेल्या फोटोत तिथे काहीही नव्हतं. पण घरचा फोटो पत्त्याच्या पानाएवढा होता, आणि ही भिंत चांगली खोलीएवढी.

"छान दिसतंय की," ग्रंथपालबाई खुर्च्या मांडता मांडता म्हणाल्या.

"थोडा लहान नाही का करता येणार?"

"लहान कशाला? मागच्या रांगेला आधीच पुढच्यांची टकलं बघावी लागतात."

यावर तो कसनुसा हसला. दातांच्या डॉक्टरांसाठी तो कवळ्या बनवायचा, म्हणून सगळे त्याला कवळीवालाच म्हणत. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं, पण ते चारचौघांत सांगायची सोय नव्हती. त्यामुळे तो अबोल म्हणून प्रसिद्ध होता.

फोटो त्याच्या बायकोच्या माहेरचा. तळ्याकाठच्या पायऱ्यांवर दोन मुली बसल्या आहेत. मोठीने धाकटीचं मनगट पोलिसाने चोराचं धरावं तसं धरलंय. धाकटीने डोळे मिटलेत. ती त्याची बायको, वय वर्षं तीन. कडेला एक बादली, आणि चौकटीबाहेर निघालेल्या कुत्र्याचा मागचा अर्धा भाग. हौशी माणसाने काढलेला कुठलाही फोटो असतो तसा. पण यात एक सावली होती. फोटो काढणाऱ्याची पाठ उन्हाकडे होती आणि त्याची सावली पायऱ्या चढत मुलींच्या पायांपर्यंत आली होती. बाहेर काढलेली कोपरं, पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्यावर झुकलेली मान, आणि डोक्यावर हॅटचा उंचवटा. ते बाबा. त्याच हिवाळ्यात ते तापाने गेले. कायम कॅमेऱ्यामागे राहिल्याने त्यांचा दुसरा फोटो नव्हता. बायकोच्या वाट्याला वडील आले ते एवढेच, सपाट आणि काळे.

हॅटची गोष्ट तर घरात लोणच्यासारखी मुरली होती. फोटो काढून झाल्यावर वाऱ्याने हॅट तळ्यात उडाली, नावाड्याने ती वल्ह्याने काठाला लावली आणि बाबांनी ती तशीच निथळती धाकटीच्या डोक्यावर ठेवली. मानेवरून पाठीत उतरलेलं ते गार पाणी तिला अजून आठवे. उसनी गेलेली छत्री काडी मोडून परत आली, की त्यांच्या घरात 'बाबांची हॅट झाली' असं म्हणत. मुलगा नोकरी सोडून घरी आला तेव्हाही म्हणाले होते.

आणि ही हॅट म्हणजे चक्क अंबाडा होता. मान खाली घातल्यामुळे वर आलेला, काडी खोचलेला बाईमाणसाचा अंबाडा. एकदा दिसला तो दिसलाच. त्याने डोळे बारीक करून पुन्हा हॅट शोधली, पण ती काही सापडेना.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाच्या या वरच्या हॉलमध्ये 'एक फोटो, एक गोष्ट' भरे. नियम सोपे होते. फोटो कलात्मक नको, घरचा हवा. आणि आधी सगळ्यांनी तो बघायचा, मग मालकाने गोष्ट सांगायची. बघायचं काम भूगोलाचे निवृत्त सर करून घेत. त्यांच्यापाशी नकाशा दाखवायची काठी होती, ती मात्र निवृत्त झाली नव्हती. मालकाचं आयुष्यात जिथे लक्ष गेलं नसेल नेमकी तिथे ती जाऊन थांबे. मागच्या महिन्यात एका जोडप्याने लग्नानंतरच्या पहिल्या सहलीचा फोटो आणला होता. काठी टेबलावरून फिरली आणि तिसऱ्या कपापाशी थांबली. हा कोणाचा, सरांनी निरागसपणे विचारलं होतं. ते जोडपं या महिन्यात येणार नव्हतं. निदान एकत्र तरी नव्हतं.

आज संध्याकाळी त्या काठीपुढे त्याची बायको उभी राहणार होती.

तो घरी आला तेव्हा ती पलंगावर शिवणाचा डबा उघडून त्याच्या पायजम्यात नाडी ओवत होती. नाडी नेफ्यात कुठेतरी अर्ध्यावर होती आणि तिची बोटं तिला बाहेरून पुढे ढकलत होती.

दुसरा एखादा फोटो न्यावा का, असं त्याने सुचवून पाहिलं. मुलाचा मुंजीतला? तिने मान वर केली नाही. मग तो म्हणाला, की सावलीमुळे फोटो जरा काळपट वाटतो, खालचा भाग कापला तर उठून दिसेल.

"सावली कापली तर उरलं काय? दोन पोरी आणि अर्धं कुत्रं."

"नाही, आपलं म्हटलं."

ती पोस्टात पार्सलं घ्यायच्या खिडकीवर बसत असे. आत काय आहे, असं विचारल्यावर माणूस किती लवकर उत्तर देतो, त्यावरून तिला आतलं समजे. आता तिने त्याच खिडकीतून पाहिल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं.

"काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही."

"फार लवकर म्हणालात."

तो गॅलरीत गेला, दार ओढून घेतलं आणि ताईला फोन लावला. ताई म्हणजे फोटोतली मनगट धरणारी. न्यायालयात लघुलेखिका म्हणून तिची सगळी नोकरी झाली. दुनियेच्या खोट्या साक्षी तिने शब्दशः उतरवून घेतल्या होत्या, पण त्या खोलीत स्वतः कधी तोंड उघडलं नव्हतं. आज तीही कार्यक्रमाला यायची होती.

फोटो मोठा केल्यावर हॅट हॅट राहत नाही, एवढंच त्याने सांगितलं.

"अंबाडा दिसतो?" ताईने विचारलं.

"काडीसकट."

"आईचा तो." मग तिने एकेक शब्द तोलून सांगितलं. "बाबा त्या फोटोच्या आधीच गेले होते, मेव्हणे. तापाने नाही, बॅग घेऊन. कॅमेरा तेवढा विसरले. ही आपली दिवसभर बाबा कुठेत, बाबा कुठेत. आई आत जाऊन दार लावून घ्यायची. मग मीच हिला फोटो दाखवला. म्हटलं, हे काय बाबा, हॅट घालून उभे आहेत."

"आणि तळ्यात उडाली ती?"

"ते पुढच्या वर्षी. ती विचारायची थांबेल तर ना."

"तिला मानेवरून उतरलेलं पाणी आठवतं, ताई."

"सारखं सांगितलं की आठवतं माणसाला." मग म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. मी येतेय."

काही बोलू नका हे सांगायला तिने चुकीचा माणूस निवडला नव्हता. पण काठी बोलणार होती. त्याच्या धंद्यात पहिला धडा असा, की कवळी जिथे टोचते तिथेच घासायची. बाकीला हात लावायचा नाही, नाहीतर सगळंच सैल होतं. इथे टोचत होतं ते नेमकं कुठे घासायचं, हे त्याला कळेना. गॅलरीच्या काचेतून त्याला बायको दिसत होती. पायजमा तसाच अर्धवट टाकून ती आरशासमोर उभी राहून गोष्ट म्हणून बघत होती. गोष्टीतल्या वाऱ्यापाशी आल्यावर तिने हात डोक्यावर धरला.

संध्याकाळी हॉल भरला. प्रोजेक्टर मी सांभाळतो, असं म्हणून कवळीवाल्याने ग्रंथपालबाईंना उठवलं आणि कडीवर बोटं ठेवून बसला. ताई शेवटच्या रांगेत होती; पर्स मांडीवर, पाठ ताठ. बायको भिंतीच्या कडेला उभी होती. प्रकाशाचा एक तुकडा तिच्या खांद्यावर पडला होता आणि त्यात बादलीची कड होती.

सरांनी काठी उचलली. बादलीवर बरंच बोलणं झालं. ती मासे ठेवायची की पायऱ्या धुवायची, यावरून दोन निवृत्त माणसं एकमेकांना लागेल असं बोलली. कुत्र्याची जात ठरली नाही, कारण पुरावा अपुरा होता. मग काठी मुलींवर आली आणि ग्रंथपालबाई म्हणाल्या, की धाकटी मजेत दिसतेय, घाबरलीये ती मोठी. शेवटच्या रांगेत पर्सची कडी एकदा उघडून मिटल्याचा आवाज झाला.

काठी पायऱ्या उतरत सावलीकडे निघाली. कोपरांपाशी पोचली तशी कवळीवाल्याची बोटं आपसूक फिरली आणि भिंतीवर धुकं पसरलं.

"कवळीवाले," सर मागे न बघता म्हणाले, "झोप तुम्हाला लागलीय की फोटोला?"

लोक हसले. त्याने कडी सावकाश पुढे घेतली. आधी पायऱ्या आल्या, मग मुली, मग सावली, आणि सगळ्यात शेवटी काडी.

"हे आमचे बाबा," बायको म्हणाली. "ही त्यांची हॅट."

"हॅट," सरांनी मान डोलवली. काठीचं टोक उंचवट्यावरून फिरलं आणि त्या गोळ्यावर टेकलं. "पण हॅटमध्ये हे काय खुपसलंय?"

दुसऱ्या रांगेतल्या केस कापणाऱ्या बाईंनी मान तिरकी करून पाहिलं. मग त्या पुढे झुकल्या.

"अहो सर, ही हॅट कसली, हा तर मला..."

"पीस आहे ते."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. ताई उभी राहिली होती, न्यायालयात साक्षीदार राहतात तशी, समोरच्या खुर्चीची पाठ धरून.

"बाबांच्या हॅटला पीस होतं," ती म्हणाली.

कवळीवाल्याने मागे पाहिलं नाही. तो बायकोकडे बघत होता. ही गोष्ट त्याने तिच्या तोंडून किती वेळा ऐकली होती याला गणती नाही. तिच्यात वारा होता, नावाडी होता, वल्हं होतं, गार पाणी होतं. पीस कधीच नव्हतं. आता ती विचारणार, ताई, कसलं पीस? आणि मग एकेक करत सगळंच सुटणार.

"करड्या रंगाचं," बायको म्हणाली.

फार लवकर म्हणाली.

"पाण्यात पडल्यावर वाकडं झालं होतं," मागून ताई.

"बाबांनी फुंकून सरळ केलं. पण वाळल्यावर परत वाकलं ते वाकलंच."

"त्या बाजूला. डाव्या."

"डाव्याच."

दोघी बहिणी लोकांच्या डोक्यांवरून बोलत होत्या, आणि त्यांच्या मधोमध भिंतीवरची सावली मान खाली घालून उभी होती. केस कापणाऱ्या बाई मागे टेकून बसल्या. सरांनी एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे पाहिलं. मग काठी उचलून त्यांनी ती पुन्हा कुत्र्यावर ठेवली आणि हे एवढ्या घाईने कुठे निघालंय असं विचारलं. कुत्र्यावर परत वाद झाला. त्यानंतर बायकोने गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, पिसासकट. वाऱ्यापाशी आल्यावर तिने हात डोक्यावर धरला. टाळ्या नेहमीपेक्षा जरा जास्तच वाजल्या.

जिन्यात ताई थांबली नाही. बस चुकेल म्हणाली. धाकटीने तिच्या गळपट्ट्याचं टोक नीट केलं, आणि सावकाश जा म्हणून बजावलं, मोठ्या बहिणीने बजावावं तसं.

घरी आल्यावर बायकोने कपडेही बदलले नाहीत. पलंगावर बसून तिने अर्धवट राहिलेला पायजमा पुढ्यात ओढला. कवळीवाला पाण्याचा पेला हातात घेऊन तिच्यासमोर बसला. काय बोलावं हे तो ठरवत होता, तेवढ्यात फोन वाजला. ताईचा होता.

"पोचले एकदाची," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "मेव्हणे, तिला काही कळलं तर नाही ना?"

समोर बायकोची बोटं नेफा चुरगाळत, सोडत शेवटाशी आली होती. आधी एक गोळा बाहेर आला, हाडाचा, पिवळट, वाटाण्याएवढा. मग त्याच्यामागे लांब काडी, आणि काडीच्या दुसऱ्या टोकाला गाठ मारलेली नाडी. नाडी ओवायची ही काडी लग्नापासून त्याच डब्यात होती. त्याच्या सगळ्या पायजम्यांतून ती फिरून आली होती.

त्याची नजर कुठे आहे ते तिने पाहिलं. गाठ सोडली आणि काडी पदराने अलगद पुसली.

"आईची," ती हळूच म्हणाली, फोनमध्ये जाणार नाही इतक्या हळू. "शाळेत जायच्या आधी रोज मीच खोचायचे तिच्या अंबाड्यात."

मग काडी डब्यात ठेवून तिने हनुवटीने फोनकडे खूण केली. बोला ना, ती थांबलीये.

"मेव्हणे? ऐकताय ना? कळलं का तिला काही?"

कवळीवाल्याने पेला खाली ठेवला. पाणी हिंदकळायचं थांबू दिलं.

"नाही," पुरेसा वेळ घेऊन तो म्हणाला. "तिला काही कळलेलं नाही."