उडवलेली फाईल

इस्पितळातल्या सर्व्हरची डिस्क पुन्हा भरली आणि नेहमीप्रमाणे ताईच्या नावाने बोंब झाली. सगळ्या इस्पितळाचे कॉम्प्युटर एकटी सांभाळणारी ही बाई. आताशा तिला वैतागायचाही कंटाळा आला होता. त्यात आज चारला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, तेही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात. "तू आलीस की मगच आत जाईन," असं आईने सकाळीच बजावलेलं.

दीड वाजला होता. डिस्क म्हणत होती, तसूभर जागा नाही. ताईने एकेक फोल्डर मोजला, तर बेरीज निम्म्यावरच! बाकीची जागा काय भुताने खाल्ली? तिने पुन्हा मोजलं. तेवढंच.

"अहो, बंद करून चालू करा ना एकदा!" हृदयविभागाच्या डॉक्टरीणबाई दारातून ओरडल्या.

तसंच करावं आणि सुटावं, असं ताईला फार वाटलं. पण मोडता मोडत नाही ती खोड. कुठल्या प्रोग्रॅमने काय उघडं धरलंय, एवढं तिने आधी पाहिलंच. हृदयाच्या नोंदी घेणाऱ्या प्रोग्रॅमने एक अगडबंब फाईल धरली होती, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, पुसलेली.

"काका, सकाळी काय उडवलंत?"

डॉक्टरीणबाईंच्या मागे उभे असलेले रेकॉर्डरूमचे काका कसनुसे झाले. "सगळ्यात मोठी दिसली ती. डिस्क भरली की आपण सगळे तेच करतो ना गं? कचरा वाटला मला."

कचरा कसला! चाळीस रुग्णांच्या तीन आठवड्यांच्या नोंदी, आणि दुसरी प्रत कुठेच नाही. फाईलचं नाव पुसलं गेलं होतं, पण प्रोग्रॅमने ती सोडली नव्हती. म्हणूनच ती जिवंत होती आणि जागा अडवून बसली होती. बंद करून चालू केलं असतं, तर जागा मिळाली असती आणि नोंदी कायमच्या गेल्या असत्या.

तिने फाईल दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेतली. मुंगीच्या पावलांनी चाललं होतं सगळं.

"तू जा पोरी, मी बसतो इथे," काका म्हणाले.

"तुम्ही? नको, उपकार आहेत!" ती फटकन बोलली. मग तिला वाईट वाटलं, पण खुर्ची काही तिने सोडली नाही. कोण कधी येऊन बटण दाबेल, नेम नव्हता.

चार वाजून दहा मिनिटांनी शेवटची नोंद उतरली. जिना उतरता उतरताच तिने आईजवळ थांबलेल्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

"आत्ताच आत नेलं," बहीण म्हणाली. "डॉक्टरांना दहा मिनिटं थोपवून धरलं होतं गं तिने. ऐकेचना. शेवटी मीच तुझा आवाज काढून म्हटलं, आई, आले मी."

ताई पायरीवरच बसली. "ओळखलं नाही तिने?"

"नाही. दिसतंय कुठे तिला? माझा हात धरला आणि म्हणाली, दमलेली वाटतेस गं."