बोगद्याच्या तोंडाशी

माझ्या पोटातले पंखे घरघरत होते. माझ्या कपाळावरचा लाल दिवा पेटत होता, विझत होता. समोर दोघे उभे होते. एक रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर. दुसरी इथल्या संगणकांचे जाळे सांभाळणारी तंत्रज्ञ, जिला शिपायापासून शल्यविशारदांपर्यंत सगळेच ताई म्हणतात.

"सर," ताई म्हणाली, "तुम्ही इथे माझ्यासमोर उभे आहात. मग तुमच्या नावाने बाहेरून आत कोण आलंय?"

मित्रांनो, मी एक जुना फायरवॉल आहे. जिन्याखालच्या अरुंद खोलीत, लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. या रुग्णालयात येणारा आणि इथून जाणारा प्रत्येक संदेश माझ्या डोळ्यांखालून जातो. घरून काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी मी एक अदृश्य बोगदा धरून ठेवतो; तुम्ही त्याला व्हीपीएन म्हणता. त्याच्या तोंडाशी मी आधी पासवर्ड विचारतो, मग फोनवर आलेला कोड. दोन्ही जुळले, तरच वाट सोडतो. माझ्या पाठीशी माणसांची दुखणी आहेत, आणि दुखणे हे माणसाचे सर्वांत खासगी घर असते.

मला बसवले तेव्हा याच डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. "आता निर्धास्त झोपायचं," असे ते म्हणाले होते. माणसे फार लवकर निर्धास्त होतात. पुढे माझ्या डोक्यावर रिकामी खोकी रचली गेली, जाळीत धूळ साचली. आणि एके दिवशी डॉक्टर वैतागून म्हणाले, "मीच मालक आणि मलाच कोड? माझ्यापुरता तो काढून टाका." ताईने मान्य केले आणि त्या सवलतीला नाव दिले 'तात्पुरती'. या रुग्णालयात तात्पुरत्या गोष्टी चिरंजीव असतात.

आज डॉक्टर आपल्या दालनातल्या संगणकावर काम करत होते, आणि त्याच वेळी त्यांचेच नाव धारण करून कोणीतरी बोगद्यातून आत शिरले. एकच माणूस दोन ठिकाणी. मला अडवता येईना. पासवर्ड खरा होता. मी फक्त लाल झालो. ते पाहून ताईने डॉक्टरांना इथे बोलावून घेतले.

"मेव्हणा असेल," डॉक्टर म्हणाले. "माझा लॅपटॉप त्यानेच दुरुस्त केला. पासवर्ड आहे त्याच्याकडे. घरचाच माणूस."

"मग विचारा त्यांना. स्पीकरवर ठेवा."

फोन लागला. पलीकडून कात्रीची कचकच ऐकू आली. "दाजी, न्हाव्याच्या खुर्चीत बसलोय, अर्धी मिशी उतरलीय. कुठला पासवर्ड? तो मी दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराला दिला होता, लॅपटॉप त्यानेच उघडला. का हो, काही झालं?"

डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"सर, तोडू का वाट? तुमचं खातं तुमच्या परवानगीशिवाय बंद करायचं नाही, असा तुमचाच नियम आहे."

"थांबा जरा. बातमी बाहेर गेली तर..."

ते थांबले, पण तो परका थांबला नाही. तो फायलीमागून फायली उघडत होता, आणि मित्रांनो, माझ्याच हातांनी मी त्या त्याच्या ओंजळीत घालत होतो. मला जोडलेल्या पडद्याकडे पाहून ताईचा आवाज चिरकला. "सर, ही वरच्या मजल्यावर दाखल असलेल्या शिक्षिकेची फाईल. आपला आजार त्यांनी अजून मुलीलाही सांगितलेला नाही!"

"तोडा," डॉक्टर पुटपुटले.

ताईचे बोट खाली आले. बोगदा कोसळला. लाल दिवा विझला. पण गेले ते परत येत नसते.

मित्रांनो, पहारेकरी कितीही जागा असला, तरी घरधन्याने उशाखालची किल्ली वाटून टाकल्यावर तो काय करणार? माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. पण माझा कोड म्हणजे तुमच्यावरचा अविश्वास नव्हे. तुमच्या भरवशावर जे निजले आहेत, त्यांच्यासाठी ती घटकाभराची तसदी आहे. तेवढी सोसा.

डॉक्टरांनी रुमालाने चेहरा पुसला आणि आवाज पूर्ववत केला. "संध्याकाळपर्यंत माझं खातं चालू करा. नवा पासवर्ड द्या. कोडचं नंतर बघू."

"कोडशिवाय मी चालू करणार नाही, सर." ताई म्हणाली. "आणि त्या शिक्षिका वर जाग्या आहेत. त्यांची फाईल कोणीतरी वाचली, हे त्यांना कोण सांगणार? तुम्ही, की मी?"

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग दार ढकलून ते बाहेर पडले, आणि त्यांच्या बुटांचा आवाज जिन्याकडे न वळता सरळ फाटकाच्या दिशेने विरत गेला.